ट्रेलरचे मागचे दिवे बंद पडले तर दोष कसा शोधावा

भिवंडीच्या गोदामातून न्हावा-शेवा बंदराकडे जाणारा कापडाचा कंटेनर बहुधा रात्री निघतो. माल आपला, ट्रेलर दुसऱ्याचा, म्हणून मागचे लाल दिवे पेटतात की नाही ते आपण पाहत नाही. चाळीस फुटांचा ट्रेलर अंधारात रस्त्याच्या कडेला उभा असेल, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दिसतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. पोलिसांचे चलन आणि बंदरात चुकलेली वेळ हे नुकसान त्यानंतरचे. आपल्या बिरादरीतील बऱ्याच बंधूंचे स्वतःचे टेंपो व ट्रेलर आहेत, कित्येक जण गॅरेजचेच काम करतात. त्यांच्यासाठी ही माहिती.

आधी एक गैरसमज दूर करू. अमेरिकेत गाडीमागे ओढायच्या छोट्या ट्रेलरला विजेचे ब्रेक असतात. ड्रमच्या आत विद्युतचुंबक असतो. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की त्यात करंट जातो, चुंबक फिरत्या ड्रमला चिकटतो आणि त्याच्या ओढीने लायनर दाबले जातात. बारा व्होल्टवर एक चुंबक साधारण तीन अँपिअर घेतो. चार चुंबकांनी बाराऐवजी सहाच घेतले तर दोन चाकांची वायर तुटली आहे किंवा अर्थ खराब आहे, असा तिथला हिशेब. आपल्या मोठ्या ट्रेलरचे ब्रेक हवेचे असतात. लाल पाईपमधली हवा गेली की चाके आपोआप जाम होतात, तेव्हा जाम चाकासाठी दिव्यांची वायर उकलत बसू नये. एबीएस असेल तर त्याची केबल वेगळी येते. ब्रेकच्या दिव्याला मात्र वीजच लागते, आणि खरा घोळ तिथेच होतो.

घोडा आणि ट्रेलर यांना जोडणारा सात पिनांचा प्लग ही सर्वांत महत्त्वाची जागा. दोष शोधताना काम इथेच दोन भागांत वाटून घ्यावे. चोवीस व्होल्टच्या प्रमाणित जोडणीत पहिली पिन अर्थची, पांढरी वायर. दुसरी डावा टेललाईट, काळी. तिसरी डावा इंडिकेटर, पिवळी. चौथी ब्रेकलाईट, लाल. पाचवी उजवा इंडिकेटर, हिरवी. सहावी उजवा टेललाईट, तपकिरी. सातवी निळी. हे पुस्तकातले रंग झाले. रस्त्यावरच्या मिस्त्रीने हाताला लागेल ती वायर जोडलेली असते, म्हणून रंगावर भरवसा ठेवू नये, पिनेवरचा आकडा वाचावा.

हत्यार फारसे लागत नाही. चोवीस व्होल्टचा एक बल्ब, होल्डर, दोन लांब वायरी आणि एक चिमटा, एवढी चेक बत्ती पुरे. प्लग काढावा. चिमटा घोड्याच्या चासीवर रंग खरवडून स्वच्छ लोखंडाला लावावा आणि दुसरे टोक सॉकेटच्या चौथ्या पिनेला. कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगावे. बत्ती पेटली तर घोड्यातून करंट येतो आहे, दोष ट्रेलरमध्ये किंवा प्लगमध्ये. पेटली नाही, तर घोड्याचे स्वतःचे ब्रेकलाईट पाहावेत. तेही बंद असतील तर फ्यूज किंवा ब्रेकचा स्विच गेला. हवेच्या ब्रेकमध्ये हा स्विच हवेच्या दाबाने चालतो, म्हणून टाकीत हवा भरलेली असतानाच तपासावा. घोड्याचे दिवे ठीक आणि फक्त सॉकेट मेले असेल, तर तिथे जाणारी शाखा तुटली आहे. आता चिमटा चासीवरून काढून पहिल्या पिनेला लावावा. चासीवर बत्ती पेटत होती आणि इथे पेटत नाही, तर सॉकेटची अर्थ गेली.

अर्थ हाच या धंद्यातला मोठा फसवा दोष आहे. अर्थ तुटली की करंट परतीची दुसरी वाट शोधतो. ब्रेक दाबला तर टेललाईट मिणमिणतो, इंडिकेटर लावला तर बाकीचे दिवे त्याच्या तालावर लुकलुकतात. कधी कधी करंट ग्रीसने माखलेल्या फिफ्थ व्हीलमधून परततो, म्हणून वळणावर दिवे येतात आणि सरळ रस्त्यावर जातात. मिस्त्री बल्ब बदलत राहतो, मालक पैसे देत राहतो. त्याऐवजी एक लांब वायर घेऊन मागच्या दिव्याच्या अर्थपासून घोड्याच्या चासीपर्यंत धरावी. दिवे लख्ख झाले तर दोष सापडला.

शटल नसलेल्या नव्या मागावर ताण्याचा धागा तुटला की ड्रॉप पिन पडते, सर्किट पुरे होते आणि माग थांबतो. ट्रेलरची वायर तुटली तर अशी खबर कोणी देत नाही. निघताना क्लीनरने मागे उभे राहून पाहिले, तरच ती कळते.

ट्रेलरच्या अंगची वायर तीन जागी मरते: चासीच्या भोकातून जाते तिथे रबर निघून घासते, जुन्या पिळलेल्या जोडात तांब्याला हिरवा गंज चढतो, आणि प्लगच्या आत स्क्रू ढिला होतो. बंदराची खारी हवा असेल तर गंज लवकर चढतो. जोड नुसता पिळून टेप गुंडाळू नये. डाग देऊन वर स्लीव्ह चढवावी. पिना घासून त्यांवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावा.

बल्बचेही पाहावे. बारा व्होल्टचा बल्ब चोवीसवर लगेच जळतो, चोवीसचा बारावर मंद जळतो. दोन तारांच्या बल्बच्या बाजूच्या खुंट्या खालीवर असतात. तो उलटा ठोकून बसवला तर टेललाईट प्रखर आणि ब्रेकलाईट मंद होतो. एलईडी लावल्यावर इंडिकेटर भराभर लुकलुकू लागला तर घाबरू नये. एलईडी करंट कमी घेतो आणि जुन्या फ्लॅशरला बल्ब गेला असे वाटते, म्हणून फ्लॅशर एलईडीचा घ्यावा.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर त्या जागी तांब्याची जाड तार बांधणाऱ्या कारागिराला गाडीखालून बाहेर काढावे. फ्यूज उडतो कारण वायर कुठेतरी चासीला लागते आहे. तार बांधली की फ्यूजऐवजी वायर तापते, आणि उघड्या हौद्यात कापसाच्या किंवा कापडाच्या गाठी असतील तर आग लागायला तेवढे पुरते. डब्याच्या झाकणावर लिहिलेल्या अँपिअरचाच फ्यूज घालावा, आणि दोन जास्तीचे फ्यूज व दोन बल्ब ड्रायव्हरच्या डब्यात ठेवावेत.