जुन्या तेल-इंजिनाच्या भागांची सफाई

जळकोट भागांत हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळींच विहिरीवरचें डिझेल इंजिन उघडावें लागलें, तर नवे भाग बसविण्याची घाई होते. आमच्या मतें सफाई आधीं. वाळूचा एक कणही नव्या बेअरिंगास चरे पाडतो.

सुटे भाग रॉकेलांत भिजवून ब्रशानें धुवावे. पेट्रोल नको, एक ठिणगी पुरते. पिस्टन ॲल्युमिनियमचा असल्यास त्यास कॉस्टिक सोड्याचें पाणी मुळींच लावूं नये. तें त्या धातूस खातें. माथ्यावरील काजळी लाकडी पट्टीनें खरवडावी. रिंगांच्या खाचांस जुन्या रिंगेचा तुकडा पुरतो. मात्र खाचेची कड जपावी. क्रँकमधील तेलाचीं छिद्रें घाईंत हटकून विसरतात. तीं तारेनें मोकळीं करून, रॉकेल सोडून, हवा मारून आरपार पाहावीं. पुसण्यास धागे सुटणारें फडकें घेऊं नये. धुतलेल्या लोखंडास लागलीच तेल लावावें. दमट हवेंत रात्रींतून गंज चढतो.