संगणकाची अडचण झाकून ठेवू नका

मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी असरनंतर आम्ही आठ-दहा कापड व्यापारी एका दुकानात जमतो. मुले आम्हाला चिडवून 'कॉम्प्युटर क्लब' म्हणतात. बहुतेक सारे उर्दू शाळेतले, पन्नाशी ओलांडलेले. प्रिंटर अडला, टॅलीचा बॅकअप घ्यायचा आहे, ज्याला येते तो दुसऱ्याला दाखवतो. ई-वे बिलात गाडीचा नंबर बदलता येतो. पण मालाची रक्कम चुकली तर बिल रद्द करून नवे काढावे लागते, तेही 24 तासांच्या आत, हे आम्ही इथेच शिकलो.

2023 साली आमच्यातील एका भाईंना फोन आला. माल पसंत आहे, आगाऊ रक्कम पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाका. भाईंनी टाकला आणि 38 हजार रुपये गेले. शरमेपोटी ते दोन शुक्रवार गप्प राहिले. (आम्हीही त्यांना हसलो असतो, हे कबूल करावे लागेल.) तिसऱ्या शुक्रवारी बोलले, तोवर रक्कम कुठल्या कुठे गेली होती. त्याच घटकेला 1930 वर फोन केला असता तर पुढच्या खात्यात ती अडवण्याची आशा होती.

व्यापारी बांधवांनी ध्यानात घ्यावे : यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन मागितला, म्हणजे पैसे आपल्याच खात्यातून जाणार.

आता बैठकीत नव्या माणसाला ही गोष्ट भाई स्वतःच सांगतात.