चामखिळीवरील औषधे : गुण आला हे कसे ओळखावे?

हातापायांवर येणारी चामखीळ हा जिवावर बेतणारा आजार नाही. परंतु तिच्यावरील चुकीच्या उपायाने डोळ्याला इजा होऊ शकते, मधुमेही माणसाच्या पायाला न भरणारी जखम होऊ शकते. घरचा एक माणूस शेतावर व दुसरा लालबाग-परळला नोकरीस, अशी आपल्याकडे अनेक कुटुंबे आहेत. गावाकडचा माणूस रुईचा चीक सुचवतो, मुंबईचा टिंक्चर आयोडीन लावावयास सांगतो आणि दोघेही 'आमच्याकडे गुण आला' असे म्हणतात. हा गुण खरा की भासमान, हे कसे पारखावे याची माहिती या लेखात दिली आहे.

चामखीळ कशामुळे येते?

चामखीळ पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे येते. कातडीवरील बारीक जखमेतून विषाणू शिरतो व त्वचेच्या खालच्या थरात वाढतो. चामखिळीचा पृष्ठभाग खरखरीत असून त्यात काळे ठिपके दिसतात. ती 'मुळे' नसून गोठलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात. मानेवर देठाने लोंबणाऱ्या मऊ मांसालाही आपण चामखीळच म्हणतो, पण ती संसर्गजन्य नसते. तळपायाचे कुरूपही वेगळे असते.

नियंत्रण भूखंड हवाच

आपण नवे खत वापरतो तेव्हा शेजारी खत न दिलेला वाफा ठेवतो. तो नसेल तर उत्पादन खतामुळे वाढले की चांगल्या पावसामुळे, हे सांगता येत नाही. चामखिळीचेही तसेच आहे. मुलांमधील सुमारे दोन तृतीयांश चामखिळी काहीही न करता दोन वर्षांत जातात. त्या सुमारास जे लावले असेल त्याला श्रेय मिळते. नुसती चामखीळ गेली एवढ्यावरून औषधाची पारख होत नाही.

ही पद्धत मुंबईला नवी नाही. १८९६ साली शहरात प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली व लस न घेतलेल्यांशी त्यांची तुलना करण्यात आली. लस घेतलेल्यांत आजार व मृत्यू कमी आढळले. त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

तुलना योग्य नसेल तर काय होते, याचे उदाहरण चामखिळीतच आहे. अमेरिकेत २००२ साली साधी चिकटपट्टी लावून ८५ टक्के रुग्णांच्या चामखिळी गेल्या, असे ५१ रुग्णांच्या एका लहान चाचणीत दिसले. पुढे नेदरलँड्समध्ये १०३ मुलांवर नियंत्रण गट ठेवून चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २००६ साली आला : पट्टीने १६ टक्के, नियंत्रण गटात ६ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढाच होता.

जंतुनाशकांची मर्यादा

टिंक्चर आयोडीन, स्पिरिट, डेटॉल ही औषधे जखम स्वच्छ करण्यासाठी आहेत. पॅपिलोमा विषाणूला स्निग्ध आवरण नसते, त्यामुळे स्पिरिटसारख्या द्रवाला तो सहज दाद देत नाही. शिवाय तो कातडीच्या खोल थरात असतो. वरून लावलेले जंतुनाशक तेथे पुरेसे पोहोचत नाही. पाणी न घालता डेटॉल लावल्यास मात्र निरोगी कातडी भाजते.

वनस्पतिजन्य व घरगुती उपाय

१) रुईचा चीक : दादरच्या फूलबाजारात मारुतीसाठी रुईच्या माळा मिळतात, ती हीच रुई. तिचा चीक डोळ्यात गेल्यास बुबुळाला सूज येऊन दृष्टी अंधुक होते. सुरुवातीस वेदना फारशी नसल्याने उपचारास उशीर होतो. शेराचा चीकही असाच घातक आहे. चीक डोळ्यात गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन ताबडतोब नेत्रतज्ज्ञ गाठावा.

२) बिब्बा : याच्या तेलाने कातडीवर फोड येतात व काळे डाग पडतात. काजूच्या टरफलातील तेलही असेच दाहक आहे.

३) चुना व धुण्याचा सोडा : दोन्ही ओले करून मिसळल्यास कॉस्टिक सोडा तयार होतो. तो चामखीळ व चांगली कातडी यांत भेद करीत नाही.

४) लसूण : लसणाच्या अर्काच्या काही लहान चाचण्यांत गुण दिसला. तो प्रयोगशाळेत काढलेला अर्क होता. ठेचलेला कच्चा लसूण बांधून ठेवल्यास कातडी भाजते.

वनस्पती म्हणजे निरुपयोगी, असा याचा अर्थ नाही. हिमालयातील वनककडीपासून मिळणारे पोडोफायलिन गुप्तांगावरील चामखिळींसाठी डॉक्टर वापरतात. गरोदरपणी ते वर्ज्य आहे. सॅलिसिलिक आम्लाचा शोधही वाळुंजाच्या कुळातील झाडांच्या सालीवरून लागला.

कसोटीस उतरलेला उपाय

निष्क्रिय औषधाशी तुलना करता सॅलिसिलिक आम्लाचा गुण अधिक दिसतो, पण तो माफक आहे. औषध-दुकानात साधारण १७ टक्के तीव्रतेचे द्रावण मिळते. वापर पुढीलप्रमाणे करावा.

– रात्री चामखीळ ५ ते १० मिनिटे कोमट पाण्यात भिजवावी.
– वरची मृत कातडी खरवडावी. त्यासाठीचा दगड वेगळा ठेवावा.
– भोवती व्हॅसलीन लावून फक्त चामखिळीवर थेंब सोडावा व वाळू द्यावा.
– हा क्रम रोज, १२ आठवड्यांपर्यंत ठेवावा. आग झाल्यास काही दिवस थांबावे.

चेहरा, गुप्तांग व जखम यांवर हे औषध लावू नये. मधुमेह किंवा पायातील रक्ताभिसरणाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

हातावर अनेक चामखिळी असतील तर स्वतःही पडताळा घेता येईल. नाणे उडवून निम्म्या निवडाव्यात व त्यांवरच औषध लावावे. उरलेल्यांवर फक्त व्हॅसलीन लावावे. दर १५ दिवसांनी पट्टीने मोजून वहीत नोंद करावी. सर्व एकदमच गेल्या तर श्रेय बहुधा शरीराच्या प्रतिकारशक्तीचे असते.

द्रवरूप नत्राने चामखीळ गोठवण्याचा उपचार रुग्णालयात होतो. कृत्रिम रेतनाच्या कंटेनरमधील नत्राचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते. ते घरी वापरण्याचे धाडस करू नये.

जनावरांतील चामखीळ

गाई-वासरांची चामखीळ वेगळ्या प्रकारच्या पॅपिलोमा विषाणूमुळे येते. वासरांत ती बहुधा काही महिन्यांत आपोआप गळते, म्हणून येथेही उपायाला फुकटचे श्रेय मिळते. बाधित वासरू वेगळे बांधावे. चामखीळ सडावर असून धारेस अडचण होत असेल किंवा तिच्यातून रक्त येत असेल, तर पशुवैद्यकास दाखवावे.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

चामखीळ झपाट्याने वाढणे, तिच्यातून रक्त येणे, रंग बदलणे, उतारवयात नव्याने येणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपाय थांबवावेत. तो कातडीचा कर्करोगही असू शकतो. जवळच्या शासकीय रुग्णालयात किंवा मुंबईत नातेवाईक असल्यास परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात तपासून घ्यावे.

थोडक्यात, नवे बियाणे घेताना 'शेजारी चाचणी वाफा होता का?' असे आपण विचारतो. अंगावर लावावयाच्या औषधाबाबतही तोच प्रश्न विचारावा.