शिक्षक घडविणारी विद्यार्थी संघटना
अमेरिकेतील 'फ्यूचर फार्मर्स' चळवळीचा एक अभ्यास

व्यवसाय शिक्षणाचा विचार करताना इमारत, यंत्रसामग्री आणि अभ्यासक्रम यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु हे शिक्षण देणारा शिक्षक कोठून यावयाचा, हा प्रश्न बहुधा शेवटी उपस्थित होतो. ज्याला नांगर, करवत किंवा लेथ चालविता येते त्याला शिकविता येतेच असे नाही. आणि ज्याला शिकविता येते त्याच्या हाताला त्या कामाची सवय असतेच असेही नाही. या दोन्ही गुणांचा संगम एकाच व्यक्तीत कसा व्हावा, या दृष्टीने अमेरिकेतील शालेय विद्यार्थ्यांच्या व्यावसायिक संघटनांचा इतिहास उद्बोधक आहे. त्यांपैकी 'फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका', म्हणजे भावी शेतकऱ्यांची संघटना, हिचा येथे परिचय करून देत आहोत.

कायदा आणि संघटना

1908 साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थहॅम्प्टन येथील कृषी शाळेत रूफस स्टिमसन यांनी गृहप्रकल्पाची पद्धत रूढ केली. विद्यार्थ्याने शाळेत जे शिकावयाचे ते घरच्या शेतावर स्वतः करून पाहावयाचे आणि शिक्षकाने तेथे जाऊन त्याची पाहणी करावयाची, असे तिचे स्वरूप होते. 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शालेय कृषी शिक्षणाला केंद्र सरकारचे अनुदान मिळू लागले. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून किमान सहा महिने शिक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीकाम केले पाहिजे, अशी अट या कायद्याने घातली. हे काम शाळेच्या किंवा अन्य शेतावर करण्याची मुभा असल्यामुळे ज्याच्या घरी जमीन नाही अशा मुलालाही वाट मोकळी राहिली.

तरीही एक उणीव जाणवत होती. शेतकऱ्यांची मुले कामाला वाघ होती. पण चारचौघांत बोलण्याचा आणि पुढाकार घेण्याचा आत्मविश्वास त्यांच्या ठिकाणी कमी पडे. व्हर्जिनिया राज्यात कृषी शिक्षकांना प्रशिक्षण देणारे हेन्री ग्रोसक्लोज आणि त्यांचे सहकारी यांनी 1926 साली या मुलांची राज्य संघटना उभी केली. तिच्याच धर्तीवर 1928 साली कॅन्सस सिटी येथे 18 राज्यांतील 33 प्रतिनिधी एकत्र आले आणि राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. शिक्षक तयार करणाऱ्यांच्याच हातून ही संघटना जन्मली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

शिकविण्याचे शिक्षण

वर्गातील पाठ, देखरेखीखालील प्रत्यक्ष काम आणि संघटना ही या शिक्षणाची तीन अंगे मानली जातात. संघटनेची शाखा शाळेत असते आणि तिचा कारभार निवडून आलेले विद्यार्थी पाहतात. सभा भरली की प्रत्येक पदाधिकारी आपल्या नियत चिन्हाजवळ उभा राहतो: अध्यक्ष उगवत्या सूर्याजवळ, उपाध्यक्ष नांगराजवळ, चिटणीस मक्याच्या कणसाजवळ. मार्गदर्शक शिक्षकाची जागा घुबडाजवळ असते. आपल्याकडे घुबड अशुभ समजले जाते. तेथे मात्र ते ज्ञानाचे प्रतीक आहे. सभा विद्यार्थी चालवितात आणि शिक्षक सल्ल्यापुरता उपस्थित असतो. हात आखडता घेऊन शिकविण्याची ही रीत मुले वर्षानुवर्षे जवळून पाहतात.

प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला प्रथम 'नवशिक्या'ची पदवी मिळते. पुढे शाखा, राज्य आणि राष्ट्र अशा पायऱ्या असतात. वरच्या पायरीवरील मुलाने खालच्याला हाताशी धरावे, अशी परंपरा आहे. सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी नवागताला जमाखर्चाची वही कशी लिहावी, ठराव कसा मांडावा हे समजावून देतो. त्याच्या नकळत तो शिक्षक बनलेला असतो.

जनावरांची पारख करण्याच्या स्पर्धेचे उदाहरण घ्यावे. चार जनावरे समोर उभी केली जातात. विद्यार्थ्याने त्यांची गुणानुक्रमे प्रतवारी लावावयाची आणि नंतर परीक्षकासमोर थोडक्या वेळात तिची कारणे तोंडी सांगावयाची. आपल्या गावच्या बाजारात बैलाची पारख करणारे जाणते पुष्कळ भेटतात. परंतु 'हाच का?' असे विचारले तर 'दिसतेच की' एवढेच उत्तर अनेकदा मिळते. डोळ्यांना कळलेले शब्दांत उतरविता येणे, हेच अध्यापनाचे मर्म होय. ते या स्पर्धेत पणाला लागते.

शिक्षकाचे घरी येणे हाही एक संस्कार ठरतो. गोठ्यात उभा राहून वासराच्या वजनाची चौकशी करणारा गुरू ज्याने पाहिला, त्याच्या मनात शिक्षकाच्या पेशाचे एक निराळे चित्र तयार होते. असे विद्यार्थी पुढे कृषी शिक्षणाच्या पदवीकडे वळतात आणि ज्या संघटनेत वाढले तिच्याच शाखेचे मार्गदर्शक होतात. अन्य काहीजण पेशाने शेतकरी किंवा व्यापारी राहूनही स्पर्धांचे परीक्षक आणि नव्या मुलांचे पाठीराखे म्हणून परत येतात.

दार कोणाला उघडे?

संघटना ही शिक्षकांची रोपवाटिका असेल, तर तिच्यात कोणाला प्रवेश मिळतो यावर उद्याचा शिक्षक कोण हे ठरते. या चळवळीच्या इतिहासातील सर्वांत गंभीर धडा हाच आहे. दक्षिणेकडील राज्यांत शाळा वर्णभेदाने विभागलेल्या असल्यामुळे कृष्णवर्णीय मुलांना 'न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका' ही स्वतंत्र संघटना काढावी लागली. तिची राष्ट्रीय स्थापना 1935 साली टस्कीगी येथे झाली. 1965 साली दोन्ही संघटना एक झाल्या. भेद मिटला हे उत्तम झाले. पण नाव, बोधचिन्ह आणि पोशाख एकाच बाजूचे टिकले आणि कृष्णवर्णीय नेतृत्व मागे पडले. मुलींना राष्ट्रीय पातळीवर सभासदत्व मिळण्यास 1969 साल उजाडले. पहिली महिला राष्ट्रीय अध्यक्ष 1982 साली आणि पहिले कृष्णवर्णीय राष्ट्रीय अध्यक्ष 1994 साली निवडून आले. दार उघडल्यावरही आतल्या खुर्चीपर्यंत पोहोचण्यास काळ लागतो, असे या तारखा सांगतात. 1988 साली संघटनेने 'भावी शेतकरी' हे पूर्ण नाव सोडून केवळ आद्याक्षरे ठेवली. आज तिची सभासदसंख्या नऊ लाखांहून अधिक आहे.

एवढे असूनही तेथे कृषी शिक्षकांची टंचाई जाणवते. सायंकाळच्या सभा, सुट्टीतील जत्रा-प्रदर्शने, स्पर्धांसाठी प्रवास यांचा भार एकाच शिक्षकावर पडतो आणि काहीजण थकून पेशा सोडतात. स्पर्धेतील चषकांच्या मागे लागून वर्गातील सामान्य विद्यार्थी दुर्लक्षित राहण्याचा धोकाही असतो.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्राला श्रम आणि शिक्षण यांचा मेळ नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेने 'कमवा आणि शिका' हा मंत्र खेड्यापाड्यांत नेला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांसारख्या स्थानिक कारागिरांजवळ काम शिकावे, असे सुचविले आहे. या दहा दिवसांना वर्षभर चालणाऱ्या विद्यार्थी मंडळाची जोड मिळाली, तर त्यांचे फळ टिकाऊ होईल.

त्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. ग्रामपंचायतीने जमिनीचा एखादा तुकडा आणि गावातील जाणत्या कारागिरांचा वेळ मिळवून द्यावा. मंडळाची सभा मुलांनी चालवावी, वही मुलांनी लिहावी आणि वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला काम शिकवावे. पदाधिकाऱ्यांत मुली आणि भूमिहीनांची मुले पहिल्या वर्षापासूनच असावीत. शिक्षकाचे हे काम त्याच्या कार्यभारात धरले जावे, ही जबाबदारी मात्र प्रशासनाची आहे. आज जो मुलगा किंवा मुलगी धाकट्याला कलम बांधावयास शिकवील, त्यांच्यातूनच उद्या गावाच्या शाळेला शिक्षक मिळणार आहे.