बर्फाचे गाव आणि त्याची राखण



आपल्या वस्तीच्या नावातच तळी आहेत. आपली ही तळी निसर्गाची नाहीत, माणसाने केलेली आहेत. जून-जुलैत पहाटे त्यांच्यावर धुके उतरते, फिरायला जाताना स्वेटर चढवावा लागतो. पण पाण्याकाठी बर्फ काही दिसत नाही. क्वीन्सलंडमध्ये बर्फ पडणे ही नवलाईच. स्टॅनथोर्पच्या परिसरात २०१५ च्या जुलैमध्ये आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये हिम पडले, त्याची बातमी झाली, ती म्हणूनच.

खरा बर्फ पाहायचा तर दक्षिणेला जावे लागते. जुलैच्या सुट्टीत आपल्यातली काही कुटुंबे तिकडे जातात. म्हणून या अंकात आम्ही जिंडाबाइन या डोंगरातल्या तळ्याकाठच्या गावाचा पाठ घेतला आहे. तिथली मजा आपण पाहूच, पण ती मजा कोणाच्या जिवावर उभी आहे, हेही पाहू.

गाव कुठे आहे?

जिंडाबाइन न्यू साउथ वेल्स राज्यात, स्नोई माउंटन्स या डोंगररांगेत आहे. आपल्या घरापासून मोटारीने तेराशे किलोमीटरच्या वर, आणि कॅनबेराहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. गावाची उंची सुमारे ९३० मीटर. आपले महाबळेश्वर त्याहून चांगले चारशे मीटर उंच आहे! मग महाबळेश्वरला हिमवर्षाव का होत नाही? कारण महाबळेश्वर विषुववृत्ताला बरेच जवळ आहे. तिथे कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या परिसरात पहाटे दव गोठते आणि गवतावर पांढरी खडीसाखर पसरल्यासारखी दिसते. त्याला मराठीत दहिवर असा छान शब्द आहे.

जिंडाबाइनच्या वर कोशुस्को राष्ट्रीय उद्यान आहे. ऑस्ट्रेलियाचे सर्वांत उंच शिखर, माउंट कोशुस्को, तिथेच आहे. उंची २२२८ मीटर. जवळच शार्लट पास येथे २९ जून १९९४ रोजी उणे २३ अंश तापमान नोंदले गेले. या देशातले आजवरचे ते सर्वांत कमी तापमान.

एक शब्द, अनेक रूपे

सरबतात घालतो तो बर्फ आणि आकाशातून भुरभुरतो तोही बर्फच. बोलताना आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो. पण मराठी गरीब नाही. आकाशातून पडते ते हिम; हिम अधिक आलय म्हणजे हिमालय, हिमाचे घर. पावसाबरोबर टपोरे खडे पडतात त्या गारा. रात्री पानांवर जमते ते दव, आणि ते गोठले की दहिवर. हे शब्द पाठ करा. जिंडाबाइनला गेलात तर सगळे कामी येतील.

हिवाळ्यातली मजा

न्यू साउथ वेल्समध्ये बर्फाचा हंगाम जूनच्या लांब सुट्टीला सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतो. जिंडाबाइन गावात मुक्काम करायचा आणि रोज वर पेरिशर किंवा थ्रेडबो इथे खेळायला जायचे, असा पुष्कळांचा बेत असतो. पायांना लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरायचे ते स्कीइंग. एकाच फळीवर दोन्ही पाय ठेवून घसरायचे ते स्नोबोर्डिंग. लहान मुले टोबॉगनवर, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवर बसतात. मात्र घसरगाडी ठरवून दिलेल्या जागीच चालवायची. रस्त्याकडे उतरणाऱ्या टेकडीवर कधीही नाही.

वर जायला एक गंमतीची आगगाडीही आहे. तिचे नाव स्कीट्यूब. ती १९८७ साली सुरू झाली. बुलक्स फ्लॅट या ठिकाणी गाडी लावायची आणि डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून थेट पेरिशरला निघायचे. उटीच्या गाडीला चढावर असते तशी दातेरी पट्टी या गाडीलाही आहे, म्हणून ती चढावर घसरत नाही. शिवाय घाटातला बर्फाळ रस्ता टाळता येतो.

तळ्याखालचे गाव

आता थोडा इतिहास. जिंडाबाइनचे तळे पूर्वी नव्हतेच. तिथे स्नोई नदी वाहत होती आणि तिच्या काठी जुने जिंडाबाइन गाव होते. १९४९ साली सरकारने स्नोई माउंटन्स योजना सुरू केली. डोंगरावरचे पाणी धरणांत अडवायचे, बोगद्यांतून पलीकडच्या कोरड्या प्रदेशाकडे वळवायचे आणि वाटेत त्यापासून वीज करायची, अशी ती योजना. १९७४ पर्यंत काम चालले. तीसहून अधिक देशांतून आलेल्या लोकांसह एक लाखावर कामगार त्यावर राबले. त्यांतले १२१ जण कामावर मृत्युमुखी पडले.

जिंडाबाइनचे धरण १९६७ साली पुरे झाले आणि जुने गाव पाण्याखाली गेले. गावकऱ्यांना त्याआधीच वरच्या अंगाला नव्या जागी वसवले होते. शेजारच्या अ‍ॅडामिनाबी गावाचे तर नवलच. त्या गावातल्या शंभरावर इमारती १९५० च्या दशकात उचलून दुसरीकडे नेल्या! २००७ च्या दुष्काळात पाणी आटले तेव्हा जुन्या अ‍ॅडामिनाबीचे अवशेष उघडे पडले.

पालकांना हे वाचून उजनी धरणातले पळसदेवचे देऊळ आठवेल. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते वर येते आणि लोक दर्शनाला जातात. कोयना धरणाचेही तसेच. शिवसागर जलाशयाखाली अनेक गावांची घरे, शेते, देवळे गेली. त्या लोकांची पुनर्वसनाची लढाई पुढे कित्येक दशके चालली. कोयनेची वीज महाराष्ट्रभर गेली, पण तिच्यासाठी घर सोडणारे थोडे होते. तळे सुंदर दिसते तेव्हा तळाशी काय आहे, हे विचारायची सवय आपण मुलांना लावावी असे आम्हाला वाटते.

नदीचेही नुकसान झाले. जिंडाबाइनच्या खाली स्नोई नदीत पूर्वीच्या पाण्याचा अवघा एक टक्का उरला होता. लोकांनी आवाज उठवला आणि २००२ पासून नदीला काही पाणी परत मिळू लागले.

इथल्या बर्फाकडे नुसता खेळ म्हणून पाहू नका. तो साठवलेला पाऊसच आहे. वसंतात तो वितळतो, तळ्यांत उतरतो, त्यावर वीज होते आणि पुढे ते पाणी मरे आणि मरंबिजी नद्यांच्या खोऱ्यांतल्या शेतांना मिळते. म्हणून स्पेन्सर्स क्रीक येथे १९५४ पासून बर्फाची खोली मोजून ठेवतात. तिथे १९८१ साली ती ३६१ सेंटिमीटर भरली. दोन उंच माणसे एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तर जेवढी उंची होईल, तेवढी!

कोण कोण राबते?

आपण सकाळी दहाला खेळायला निघतो. त्याआधी पहाटेच रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारी वाहने निघालेली असतात. उतारांवर स्की पेट्रोलचे लोक दोऱ्या बांधतात, धोक्याच्या जागी खुणा लावतात. कोणी पडले तर त्याला घसरगाडीवर निजवून खाली आणतात. अँब्युलन्स, अग्निशमन दल, पोलीस आणि एसईएस हे सारे तयार असतात. एसईएसमध्ये तर बहुतेक जण स्वयंसेवक असतात. कोणी दुकानदार, कोणी शिक्षक. भोंगा वाजला की हातातले काम टाकून निघतात.

या सेवांचे मोल ३० जुलै १९९७ च्या रात्री साऱ्या देशाला कळले. थ्रेडबो गावाच्या वरून अल्पाइन वे हा रस्ता जातो. त्या रस्त्याखालचा भराव अचानक सुटला आणि खाली झोपलेल्या लोकांची दोन निवासस्थाने चिखलात गाडली गेली. अठरा माणसे गेली. कडाक्याच्या थंडीत, पुन्हा कडा कोसळण्याची भीती असतानाही बचावपथकांनी हाताने ढिगारा उपसला. सुमारे पासष्ट तासांनी त्यांना एक माणूस जिवंत सापडला. त्याचे नाव स्टुअर्ट डायव्हर. पुढे चौकशी झाली. रस्त्याच्या भरावातली पाण्याची नळवाहिनी गळत होती आणि त्या पाण्याने भराव भिजून सुटला, असे निष्पन्न झाले.

पालकांना इथे माळीण आठवेल. तारीखही तीच, ३० जुलै, साल २०१४. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात मुसळधार पावसात डोंगर खचला आणि गावातली सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. ही गोष्ट बाहेर कशी कळली? रोजच्या एसटीचा चालक तिथे पोहोचला तेव्हा त्याला नेहमीच्या जागी गावच दिसेना. त्यानेच कळवले. नेमाने येणारी साधी एसटी, पण त्या दिवशी गावाची खबर घेणारे दुसरे कोणी नव्हते.

दोन्ही घटनांतून एकच धडा घ्यायचा. मोठे संकट पुष्कळदा लहान गोष्टीतून सुरू होते. गळणारा नळ, भिंतीला गेलेली तडा, वाकलेले झाड, रस्त्याला पडलेली भेग. असे काही दिसले तर "आपल्याला काय करायचे आहे" म्हणून पुढे जायचे नाही. आपल्या वस्तीतही तळ्याकाठचा कठडा सुटला, पदपथ खचला, तर इप्सविच सिटी कौन्सिलला कळवणे हे आपलेच काम आहे. मुलांनी पाहायचे, मोठ्यांनी फोन करायचा.

दुरून डोंगर साजरे

ही म्हण तुम्ही ऐकली असेल. लांबून डोंगर गुळगुळीत आणि सुंदर दिसतो. जवळ गेले की काटे, दगड आणि दऱ्या दिसतात. म्हणून जायच्या आधी तयारी हवी. तिथे पोहोचून धावाधाव करणे म्हणजे दुसऱ्या म्हणीप्रमाणे तहान लागल्यावर विहीर खणणे! पालकांसाठी काही सूचना देत आहोत:

१. बर्फाच्या हंगामात साध्या मोटारीने उद्यानातल्या घाटरस्त्यांवर जाताना चाकांना बांधायच्या साखळ्या जवळ ठेवणे कायद्याने सक्तीचे आहे. चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीला सक्ती नाही, तरी जवळ असाव्यात. साखळ्या घरीच एकदा लावून-काढून पाहा. अंधारात, गारठलेल्या बोटांनी पहिला धडा घेऊ नये.

२. डिझेलची गाडी असेल तर टाकी आपल्याकडे पूर्ण भरू नका. साधे डिझेल कडक थंडीत घट्ट होते. तिकडे थंडीसाठी वेगळे अल्पाइन डिझेल मिळते, ते डोंगर चढण्याआधी भरा.

३. जिंडाबाइनचे तळे हिवाळ्यात सहसा गोठत नाही, पण पाणी अतिशय गार असते. त्यात पडले तर पोहणाऱ्याचाही दम कोंडतो. नावेत लाइफ जॅकेट घालूनच बसा.

४. डोंगरात लांब चालायला जाणार असाल तर कुठे चाललो आणि कधी परतणार हे कोणाला तरी सांगून जा. संकटात उपग्रहामार्फत ठिकाण कळवणारे छोटे यंत्र राष्ट्रीय उद्यानाच्या जिंडाबाइन येथील माहिती केंद्रात वापरायला मिळते. मोबाईल सगळीकडे लागतोच असे नाही.

५. क्वीन्सलंडच्या रहिवाशांना दुसऱ्या राज्यात तातडीची अँब्युलन्स लागली तरी तिचा खर्च आपले राज्य उचलते. भारतातून पाहुणे म्हणून आलेल्या आजी-आजोबांना मात्र ही सोय नाही. त्यांचा प्रवासी विमा आधीच पाहून ठेवा.

६. जिवावर बेतले तर ०००. पूर, वादळ, घरावर पडलेले झाड यांसाठी एसईएसचा १३२ ५००. हे दोन्ही आकडे शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ हवेत, आणि घरचा पत्ताही. भारतात गेलात तर तिथला क्रमांक ११२.

शब्दार्थ

राखण – सांभाळ, रक्षण
दहिवर – गोठलेले दव
भराव – खड्डा किंवा उतार भरण्यासाठी टाकलेली माती
निष्पन्न होणे – चौकशीतून सिद्ध होणे
पुनर्वसन – घर गेलेल्या लोकांना नव्या जागी वसवणे
नवलाई – नेहमी न दिसणारी, आश्चर्याची गोष्ट

स्वाध्याय

१. जुने जिंडाबाइन गाव कुठे गेले? तीन वाक्यांत सांगा.
२. हिम, गारा, दव आणि दहिवर यांतला फरक लिहा.
३. "दुरून डोंगर साजरे" आणि "तहान लागल्यावर विहीर खणणे" यांचा वाक्यात उपयोग करा.
४. थ्रेडबो आणि माळीण यांच्यातले एक साम्य आणि एक फरक लिहा.
५. मोठ्या मुलांसाठी: वीज आणि पाणी सर्वांना मिळते, पण गाव थोड्यांचे बुडते. हे योग्य का? दोन्ही बाजू लिहा. उत्तर एकच नाही.
६. घरचा अभ्यास: आजी-आजोबांना किंवा आई-बाबांना विचारा, त्यांच्या गावात पूर आला, दरड कोसळली किंवा कोणी आजारी पडले तर मदतीला सर्वांत आधी कोण धावत असे? त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. पुढच्या शनिवारी वर्गात सर्वांनी मिळून वाचू.