देताना सावकाश, फसल्यावर त्वरा

बाजार हा शेवटी विश्वासावर चालतो. बेळगावच्या रविवार पेठेत महिन्याचा किराणा भरणारे गृहस्थ, खडेबाजारात लग्नाचा बस्ता बांधणारे कुटुंब, अथवा कडोलीच्या शिवारातला भाजीपाला विकून त्याच पैशांत खत-बियाणे आणणारा शेतकरी, हे सर्व जण रोज कोणावर तरी विश्वास टाकूनच व्यवहार करीत असतात. ठकबाज नेमके याच विश्वासाचे भांडवल करतो. म्हणून विश्वासच सोडून द्यावा असे नव्हे. तो कोठे, केव्हा आणि कोणत्या पुराव्यावर टाकावा, हे शिकून घ्यावे, इतकाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नवे चलन आले की काही काळ गोंधळ होतोच. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. परंतु पाव पैशाचे नाणे नसल्यामुळे कोष्टकात एका आण्याचे ६ आणि चार आण्यांचे २५ नवे पैसे धरीत. साहजिकच एकेक आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या वेळी घेतल्या तर २४ नवे पैसे पडत, आणि एकदम घेतल्या तर २५. पुढे १ ऑक्टोबर १९५८ पासून शेर-मणांच्या जागी किलोग्रॅम येऊ लागला. शाळांतून कोष्टके शिकविली गेली व हळूहळू नवा हिशेब सर्वांच्या अंगवळणी पडला. २०१६ साली यूपीआय आले, आणि आता भाजीवाल्या मावशींच्या टोपलीजवळही पैसे देण्याचा क्यूआर कोड दिसतो. साधन घरोघर पोहोचले, पण त्याचे कोष्टक मात्र घरोघर शिकविले गेले नाही. ठकबाजाचे फावते ते या उणिवेमुळे.

व्यवहारातील सचोटी ही आपल्या सर्व धर्मपरंपरांनी सांगितलेली गोष्ट आहे. हजरत पैगंबरसाहेबांनी एकदा धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा वरचे धान्य कोरडे व आतले ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगताच, मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा प्रश्न त्यांनी केला. कुरआन शरीफमधील सर्वांत दीर्घ आयत सूरह बकरातील २८२ वी आहे. ती नमाज-रोज्यांविषयी नसून, मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा व त्यास साक्षीदार असावेत, याविषयी आहे. या दोन गोष्टींत ग्राहकाचे सारे शास्त्र आले: राशीत हात घालून पाहावे, आणि ठरले ते लिहून घ्यावे.

आता फसवणुकीचे मर्म पाहू. ठकबाजाच्या युक्त्या शेकडो असल्या तरी त्याचे हत्यार एकच असते, ते म्हणजे घाई. “आत्ताच पैसे पाठवा, दुसरे गिऱ्हाईक उभे आहे.” “दहा मिनिटांत खाते बंद होईल.” “आजच्या दिवसच ही किंमत.” मूल घाईने गणित सोडविते तेव्हा त्याला येणारे उदाहरणही चुकते, हा आम्हां शिक्षकांचा रोजचा अनुभव आहे. शहाणी माणसे फसतात ती अज्ञानामुळेच असे नाही; विचाराला लागणारा वेळ त्यांच्यापासून हिरावून घेतला जातो. आणि एकदा फसल्यावर तीच माणसे लाजेपायी चार-चार दिवस गप्प बसतात. म्हणजे जेथे सावकाशी हवी तेथे घाई, आणि जेथे घाई हवी तेथे सावकाशी, असा उलटा प्रकार घडतो. तो सुलटा करणे हाच यावरील मुख्य उपाय होय.

पैसे देण्यापूर्वी ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट पिनची. यूपीआयचा गुप्त पिन आपल्या खात्यातून पैसे जाण्यासाठी लागतो. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, आणि कोड स्कॅनही करावा लागत नाही. आपली जुनी सायकल वा कपाट विकायला काढले असता, “पैसे पाठवितो, एवढा कोड स्कॅन करून पिन टाका,” असे जो सांगतो तो खरेदीदार नव्हे, भामटा होय. दुकानात कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर उमटलेले नाव दुकानदारास वाचून दाखवावे व मगच पिन टाकावा. एका कोडावर दुसरा चिकटविण्याचे प्रकार होतात, ते यामुळे उघडकीस येतात.

दुसरी गोष्ट विसाराची. आपल्या भागात घर-जमिनीच्या व्यवहारात विसार वा संचकार देण्याची चाल जुनी आहे. पण तेथे देणारा-घेणारा समोरासमोर असतात आणि चार पंच बसलेले असतात. मोबाइलवर स्वस्त गाडीचे चित्र पाहून, माणूस न पाहता, गाडी न पाहता पाठविलेला विसार हा विसार नव्हे. विक्रेता स्वतःला सैन्यातील जवान म्हणवितो, ओळखपत्राचे छायाचित्रही पाठवितो. त्या चित्रावर भुलू नये. वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसा देऊ नये.

तिसरी गोष्ट दुरुस्ती व चौकशीच्या क्रमांकांची. फ्रीज बिघडला, गॅसची नोंदणी अडली, की आपण इंटरनेटवर कंपनीचा क्रमांक शोधतो. तेथे खोटे क्रमांक पेरलेले असतात. खरा क्रमांक वस्तूच्या खोक्यावर, पावतीवर वा गॅसच्या पुस्तकावर छापलेला असतो, तोच लावावा. कोणी अनोळखी इसमाने पाठविलेले ॲप, मग ते लग्नपत्रिकेच्या नावाने येवो की वाहनाच्या दंडाच्या, मोबाइलमध्ये उतरवू नये.

चौथी गोष्ट यात्रेची. काशीयात्रा असो की उमरा, आयुष्यभराची पुंजी घेऊन निघणाऱ्या वृद्धांना गाठणारे दलाल असतात. हजसाठी नेणाऱ्या खासगी संस्थांना केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. त्या यादीत नाव पाहिल्याशिवाय रक्कम भरू नये. कोणत्याही यात्रेचे पैसे दलालाच्या खासगी खात्यात न भरता संस्थेच्या खात्यात भरावेत, आणि तिकीट, मुक्काम, जेवण यांचा तपशील लेखी घ्यावा.

पाचवी गोष्ट भाषेची, आणि ती आपल्या सीमाभागात विशेष महत्त्वाची. आपल्या घरांतून मराठी, कानडी, उर्दू अशा भाषा नांदतात; संदेश मात्र बहुधा इंग्रजीत येतो. न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नये, हे आपले वाडवडील सांगत. न समजणाऱ्या भाषेतील संदेशावर बोट ठेवू नये, हे त्यास आता जोडावे.

यानंतर पावतीचा विचार. ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली झाला. त्यामागे लोकांची चळवळ होती. मुंबईत १९६६ साली नऊ महिलांनी एकत्र येऊन ग्राहक मार्गदर्शन संस्था काढली, पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून एकत्रित खरेदी करण्याचा पायंडा पाडला. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. मालाची वा सेवेची पावती न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणून पावती मागणे म्हणजे दुकानदारावर अविश्वास दाखविणे नव्हे. “राहू द्या हो, आपलेच दुकान आहे,” असे म्हणून पावती नाकारणाऱ्यास, आपले आहे म्हणूनच द्या, असे हसतमुखाने सांगावे.

शेतकरी बांधवांनी तर पावती देवघरात जपल्यासारखी जपावी. बियाणे विकत घेणारा शेतकरीही ग्राहकच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात दिला. तेव्हा बियाण्याची पिशवी, तिच्यावरील लेबल व लॉट क्रमांक, पावती आणि मूठभर बियाणे पीक हाती येईपर्यंत ठेवावे. पेरलेले उगवले नाही तर केवळ नशिबास बोल लावीत बसण्याचे कारण नाही.

इतके करूनही फसवणूक झालीच तर आता मात्र घटकाभरही दवडू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा व आपल्या बँकेसही कळवावे. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात फिरविला जातो व मग काढून घेतला जातो; तो काढला जाण्यापूर्वी खबर पोहोचली तर गोठविता येतो. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने हेच तत्त्व घालून दिले. चूक बँकेचीही नाही व ग्राहकाचीही नाही अशा चोरीत ग्राहकाने कामाच्या तीन दिवसांत कळविले तर त्याच्यावर नुकसानीचा भार नाही. स्वतःच गुप्त क्रमांक सांगून बसलेल्या ग्राहकाचेही, त्याने कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावयाचे. म्हणजे फोन करण्याच्या त्या क्षणाला किती मोल आहे, हे सहज समजेल. बेळगावला सायबर गुन्ह्यांसाठी सी.ई.एन. पोलीस ठाणे आहे. तेथे लेखी तक्रार द्यावी.

खराब माल वा अपुऱ्या सेवेबद्दल १९१५ या ग्राहक साहाय्य क्रमांकावर मराठीत किंवा कानडीत बोलता येते. त्याने काम न झाल्यास बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास तेथे शुल्क नाही, वकील दिलाच पाहिजे असे नाही, आणि वस्तू परगावची असली तरी आपण राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. मात्र ती दोन वर्षांच्या आत करावी लागते.

शेवटी लाजेविषयी दोन शब्द. मार्च २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात एका वृद्ध दांपत्याने जीवनाचा शेवट करून घेतला. फोनवरून पोलीस कारवाईचा धाक घालून त्यांच्याकडून लाखो रुपये उकळण्यात आले होते. कोणताही अधिकारी फोनवरून अटक करीत नाही, आणि पैसे मागत नाही, हे त्यांना वेळीच सांगणारे जवळचे माणूस मिळाले असते तर, या विचाराने मन विषण्ण होते. ठकविला गेलेला माणूस गुन्हेगार नव्हे. त्याला “एवढे शिकून असे कसे केलेस?” म्हणून टोचणारे घर त्याचे तोंड बंद करते, आणि त्याच्या बंद तोंडाचा फायदा ठकबाजालाच होतो.

यास्तव ट्रस्टच्या सभासद कुटुंबांस एक नम्र सूचना करावीशी वाटते. महिन्यातून एका संध्याकाळी ट्रस्टच्या जागेत तरुण मुलामुलींनी वडीलधाऱ्यांजवळ बसून त्यांच्या मोबाइलवरील संदेश वाचून दाखवावेत. १९३० आणि १९१५ हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत मराठी, कानडी व उर्दूत फलकावर लिहावेत. आणि पाच हजारांहून अधिक रक्कम अनोळखी माणसास पाठविण्यापूर्वी घरातील आणखी एकाला विचारायचेच, असा नियम प्रत्येक कुटुंबाने करावा. यास खर्च काहीच नाही. उलट, कोणाच्या तरी लेकीच्या लग्नाची वा औषधपाण्याची ठेव त्यामुळे सुरक्षित राहील.