नागझिऱ्याच्या तळ्यावरचा बदाम

प्रश्न : ऑक्टोबरात नागझिऱ्याला गेलो होतो. तळ्याकाठच्या गवतावर दोन बारीक 'हेलिकॉप्टर' जोडून बसलेले दिसले. एकाने शेपटीने दुसऱ्याची मान धरली होती. जरा वेळाने दोघांचा मिळून बदामाचा आकार झाला. ही मारामारी की प्रेम?

उत्तर : तुम्हाला दिसल्या त्या टाचण्या. बहुतेक टाचण्या बसताना पंख पाठीवर मिटतात. त्यांचा भाऊबंद चतुर मात्र ते आडवे पसरून बसतो. मान धरणारा तो नर. आपण शेपटी म्हणतो ते त्याचे पोट, आणि त्याच्या टोकाला चिमटा असतो. ती नांगी नव्हे. चतुर-टाचण्यांना डंख मारताच येत नाही, तेव्हा मुलांना घाबरवू नका.

आता बदाम. नराचे वीर्य पोटाच्या नवव्या खंडातून बाहेर येते, पण मादीला ते देणारा अवयव छातीलगत, दुसऱ्या-तिसऱ्या खंडाखाली असतो. म्हणून मीलनाआधी नर पोट वाकवून वीर्य तिथे आणून ठेवतो. पोटाचे टोक मादीच्या मानेवर गुंतलेले असल्याने पुढची हालचाल मादीची : ती आपले पोट पुढे वळवून त्या जागी टेकवते. झाला बदाम!

पण त्या बदामात बराच वेळ काय चालते, हे कळल्यावर मी थक्क झालो होतो. मादी वीर्य साठवून ठेवते आणि अंडी घालताना वापरते. त्या साठ्यात आधीच्या नराचेही वीर्य असू शकते. जीवशास्त्रज्ञ जोनाथन वागे यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या एका टाचणीत दाखवून दिले, की नर आपले वीर्य देण्याआधी पहिल्याचे जवळजवळ सगळे खरवडून काढतो.

इथेच दोघांचे हित वेगळे होते. नराला जितक्या माद्या मिळतील तितक्या हव्याच असतात. मादीला मात्र एका मीलनाचा साठा पुष्कळ अंड्यांना पुरतो. प्रत्येक नवा नर म्हणजे वेळ जाणार, आणि बेडूक-पक्षी टपलेले. मग ती तऱ्हा शोधते. स्वित्झर्लंडमधल्या एका चतुराच्या माद्या नर मागे लागला, की उडता उडता जमिनीवर कोसळून मेल्याचे सोंग घेतात. 2017 मध्ये हे प्रसिद्ध झाले.

तरी सगळी ओढाताणच असते असे समजू नका. आपल्याकडच्या पिवळ्या टाचणीचा नर मीलनानंतरही मान सोडत नाही. मादी पाण्यातल्या पानात अंडी टोचत असते आणि हा तिच्या मानेवर खुंटीसारखा ताठ उभा. दुसरा नर आला तर आपले वीर्य खरवडले जाईल, ही त्याची अडचण. तिला मात्र त्यामुळे अंडी घालायला निवांतपणा मिळतो.

पुढच्या खेपेला पाण्यावर तरंगणाऱ्या पानांकडे पाहा. ताठ उभी पिवळी काडी दिसली, की तिच्या खाली मादी असतेच.